अंतर घटेल, तर धूर घटेल

१२ जानेवारी २०२४. स्वामी विवेकानंदांच्या जयंतीदिनी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी शिवडी-न्हावा शेवा अटल सेतूचे लोकार्पण केले. २१.८ किलोमीटर लांबीचा, बहुतांश समुद्रावरून जाणारा हा सेतू भारतीय अभियंत्यांच्या आणि कामगारांच्या कर्तृत्वाची साक्ष आहे, यात शंका नाही. त्याच दिवशी आणखी एक लोकार्पण झाले. खारकोपर ते उरण ही उपनगरी रेल्वे सुरू झाली आणि नेरूळ-बेलापूरहून उरणपर्यंत लोकल धावू लागली. १९९०च्या दशकात मंजूर झालेला हा मार्ग पूर्ण व्हायला पाव शतकाहून अधिक काळ लागला. सेतूची छायाचित्रे घरोघरी पोहोचली. उरणच्या गाडीची दखल मात्र उरणकरांखेरीज फारशी कोणी घेतली नाही.

या दोन लोकार्पणांना दोन महिने होण्याच्या सुमारास राज्य शासनाने उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतील १२४ गावांचे सुमारे ३२३ चौरस किलोमीटर क्षेत्र नवनगर म्हणून अधिसूचित केले. त्यासाठी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची नियुक्ती झाली. बोलीभाषेत या प्रदेशाला ‘तिसरी मुंबई’ म्हणतात. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले आणि या परिसरातील जमिनीला आणखी भाव आला. आता प्रश्न असा की, ही तिसरी मुंबई वसणार कोणाच्या आधाराने? सेतूवरून येणाऱ्या मोटारींच्या, की उरणच्या गाडीच्या? वरवर पाहता हा प्रश्न अभियंत्यांचा वाटतो. तथापि पुढील पन्नास वर्षांत या प्रदेशातून किती धूर निघणार, किती इंधन जळणार आणि लाखो कुटुंबांच्या आयुष्यातील किती तास रस्त्यावर सांडणार, हे त्याच्या उत्तरावर ठरायचे आहे.

हवामान बदलाची चर्चा आपल्याकडे दोन टोकांवर घुटमळते. एका टोकाला पाश्चात्त्य उपदेशकांविषयीचा संताप आहे आणि तो अनाठायी नाही. गेल्या पावणेदोनशे वर्षांत वातावरणात साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये भारताचा वाटा चार टक्क्यांच्या आसपास आहे. सरासरी भारतीय माणूस वर्षाला सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइडला कारणीभूत ठरतो, अमेरिकी माणूस सुमारे चौदा टनांना. ज्यांनी दोन शतके घर पेटवले, त्यांनी धुरावर व्याख्यान द्यावे, हा ढोंगीपणाच आहे. दुसऱ्या टोकाला विजेवरच्या गाड्यांवरील भाबडी श्रद्धा आहे. पेट्रोलची गाडी गेली, विजेची आली, की प्रश्न मिटला, असे मानणारा वर्ग मोठा आहे. विजेच्या गाड्या आल्याच पाहिजेत. परंतु आपली बहुतांश वीज आजही कोळशावर तयार होते. शिवाय वाहतुकीच्या कोंडीत अडकलेली विजेची मोटार ही शेवटी कोंडीत अडकलेली मोटारच असते.

या दोन टोकांच्या मध्ये एक साधे गणित आहे. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. घरापासून कचेरी वीस किलोमीटर दूर असलेला माणूस रोज चाळीस किलोमीटर मोटार चालवतो. वर्षातले अडीचशे दिवस धरले, तर दहा हजार किलोमीटर झाले. लिटरला पंधरा किलोमीटर या हिशेबाने सुमारे ६६७ लिटर पेट्रोल, म्हणजे दीड टनाहून अधिक कार्बन डायऑक्साइड. सरासरी भारतीय माणसाच्या खात्यावर स्वयंपाक, वीज, शेती, कारखाने असे सारे धरून वर्षभरात जेवढे जमा होते, त्याच्या तीन चतुर्थांश एवढे एकट्या कचेरीच्या जा-येत खर्ची पडले. हाच माणूस कचेरीपासून पाच किलोमीटरवर राहत असता, तर त्याने मोटार बदलली नसती तरी हा आकडा चौथ्या हिश्श्यावर आला असता. तो बसने किंवा गाडीने गेला असता, तर आणखी खाली. म्हणजे धूर नळकांड्यातून बाहेर पडतो हे खरे, पण त्याचा जन्म नगररचनेच्या नकाशावर होतो. घरे कोठे, कचेऱ्या कोठे, शाळा कोठे, बाजार कोठे, हे ज्या दिवशी रंगीत पेन्सिलीने नक्की होते, त्याच दिवशी पुढच्या पिढ्यांचे पेट्रोलचे बिलही नक्की होते.

हे शहाणपण परदेशातून आणण्याची मुंबईला गरज नव्हती. गिरणगाव हे त्याचे जितेजागते उदाहरण होते. लालबाग, परळ, वरळी, भायखळा या परिसरात पन्नासांहून अधिक गिरण्या होत्या आणि त्यांच्या भोंग्याच्या टापूत चाळी होत्या. कामगार पाळीला चालत जात असे आणि चालत घरी येत असे. त्याच चाळीच्या पटांगणात गणपती बसे, भजन रंगे, शाखा लागे. ती खोली दहा बाय दहाची होती, संडास सामाईक होते, पाण्यासाठी रांग होती. त्या हालांचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. मात्र काम आणि घर यांच्यातील अंतर त्या वस्तीने पायी ठेवले होते. पुण्याच्या पेठांमध्येही तांबट, कासार, विणकर यांचे खाली काम आणि वर घर अशीच रचना होती. पाश्चात्त्य नगररचनाकार ज्याला आज मिश्र जमीनवापर म्हणून गौरवितात, तो आपल्याकडे सवयीचा भाग होता.

१९८२च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. गिरण्यांच्या जमिनींचे काय करावे, यासाठी १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८वा नियम आला. गिरणीची जमीन विकसित होताना तिचा एक-एक हिस्सा महापालिकेला मोकळ्या जागांसाठी आणि म्हाडाला घरांसाठी मिळावा, हे त्याचे सार. २००१ साली तत्कालीन काँग्रेस आघाडी सरकारच्या काळात या नियमात बदल झाला आणि वाटणी केवळ मोकळ्या भूखंडापुरती उरली; गिरणीच्या इमारतींखालची जमीन वाटणीतून सुटली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल वैध ठरवला. पुढे जे घडले ते सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. कापडगिरण्यांच्या जागी काचेचे मनोरे उभे राहिले. कामगारांची पुढची पिढी विरार, कल्याण, बदलापूरकडे सरकली आणि जेथे वडील चालत येत असत, त्याच जमिनीवरच्या कचेरीत मुलगा गाडीला लोंबकळत पन्नास किलोमीटरवरून येऊ लागला.

नगररचना आणि वाहतूक यांनी एकमेकींशी बोलणे सोडले की काय होते, याचा हिशेब २९ सप्टेंबर २०१७ रोजी, नवरात्रातील नवमीच्या सकाळी, एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर झाला. पाऊस आला, लोक अरुंद पुलावर थांबले, मागून लोंढा येतच राहिला आणि चेंगराचेंगरीत २३ जणांचा जीव गेला. मनोऱ्यांना परवानग्या देणारे महापालिकेचे टेबल आणि पादचारी पूल बांधणारे रेल्वेचे टेबल एकाच शहरात होते. मात्र प्रत्येक नव्या मनोऱ्यागणिक स्थानकावर किती माणसे वाढणार, हे एका टेबलाने दुसऱ्याला विचारण्याची पद्धतच नव्हती. पुढे भारतीय सैन्याच्या अभियंत्यांनी अवघ्या काही महिन्यांत तेथे नवा पूल उभारला, तेव्हा त्यांचे कौतुक झाले आणि ते योग्यच होते. परंतु एका महानगराला पादचारी पुलासाठी सैन्याला साद घालावी लागावी, ही नगर-व्यवस्थेच्या दृष्टीने नामुष्कीच म्हटली पाहिजे. नंतर स्थानकाचे नाव प्रभादेवी झाले. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ खचाखच भरलेल्या दोन गाड्यांच्या दारांतून प्रवासी खाली पडले आणि मृत्युमुखी पडले, तेव्हा पुन्हा चर्चा स्वयंचलित दारांची झाली. दारे हवीतच. पण इतकी माणसे एकाच दिशेने, एकाच वेळी, इतक्या दूरवर का जातात, हा प्रश्न पुन्हा मागेच राहिला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, याहून वेगळे ते काय!

वांद्रे-कुर्ला संकुलाची कथा तेवढी दारुण नाही, पण बोधप्रद आहे. दक्षिण मुंबईवरील भार हलका व्हावा म्हणून १९७०च्या दशकात या संकुलाची कल्पना पुढे आली. हेतू उत्तम होता. बँका आल्या, राष्ट्रीय शेअर बाजार आला, हिरे बाजार आला. रेल्वे मात्र संकुलाच्या आत आली नाही. वांद्रे किंवा कुर्ला स्थानकात उतरायचे आणि रिक्षासाठी भांडायचे, हा हजारो कर्मचाऱ्यांचा वर्षानुवर्षांचा नित्यक्रम झाला. ज्याला परवडले त्याने मोटार घेतली. भुयारी मेट्रोची गाडी संकुलाच्या पोटात पोहोचली ती ऑक्टोबर २०२४ मध्ये. ही मेट्रो पूर्ण करून दाखवणाऱ्यांचे श्रेय हिरावून घेण्याचे कारण नाही. कारशेडच्या वादात तिचे किती दिवस वाया गेले, हेही लोकांना ठाऊक आहे. तरीही आधी कचेऱ्या आणि तीन-चार दशकांनंतर गाडी, हा क्रम वरातीमागून घोडे असाच आहे. मधल्या काळात ज्यांना मोटारीची सवय लागली, ते सारेच मेट्रोत परत येतील, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. पुण्यात हिंजवडीने हाच क्रम गिरवला. माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्या गेल्या शतकाच्या अखेरीस येऊ लागल्या आणि शिवाजीनगरपर्यंतच्या मेट्रोची पायाभरणी झाली डिसेंबर २०१८ मध्ये.

याच महानगर प्रदेशात उलट क्रमाचेही उदाहरण आहे, आणि ते अर्धे यशस्वी झाले म्हणून अधिक अभ्यासण्यासारखे आहे. १९६५ मध्ये ‘मार्ग’ या नियतकालिकात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे जुळे शहर वसवण्याची कल्पना मांडली. मुंबईची वाढ उत्तर-दक्षिण अशी सरळ रेषेत होते आहे. ती पूर्वेकडे वळवली, तर लोंढ्यांची दिशा बदलेल, हे तिचे सूत्र होते. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली. सिडकोने जमिनीच्या विक्रीतून मिळालेला पैसा रेल्वेत घातला. या मार्गांच्या खर्चाचा दोन तृतीयांश भार सिडकोने आणि उर्वरित रेल्वेने उचलला. १९९२ मध्ये गाडी वाशीला पोहोचली. स्थानकांच्या माथ्यावर कचेऱ्या आणि दुकाने बांधली गेली, स्थानकाभोवती वसाहती आखल्या गेल्या. जमिनीचे मोल रेल्वेमुळे वाढते, मग त्या वाढीव मोलाने रेल्वेचा खर्च भागवावा, असा हा सरळ व्यवहार होता. देशात त्या काळी असे धाडस फार थोड्यांनी केले.

मग यश अर्धे का? कारण शहर बांधणाऱ्यांचा शब्द सत्ताधाऱ्यांनी पाळला नाही. मंत्रालय आणि शासकीय कचेऱ्या खाडीपलीकडे जातील, या अपेक्षेवर ती योजना उभी होती. तत्कालीन काँग्रेस राजवटीने मात्र त्याच काळात नरिमन पॉइंटला समुद्रात भराव घालून कचेऱ्यांचे मनोरे उभे राहू दिले. मंत्रालय जागचे हलले नाही. घाऊक बाजार तुर्भ्याला गेले, माथाडी कामगार गेले. साहेब गेले नाहीत. परिणामी नवी मुंबई दीर्घकाळ झोपण्याचे शहर राहिली आणि सकाळची गाडी पुन्हा मुंबईकडेच भरून निघाली. दुसरी चूक याहून गंभीर होती. ९५ गावांच्या जमिनी घेताना मूळ शेतकऱ्याला भागीदार मानले गेले नाही. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनावर गोळीबार झाला, पाच जणांनी प्राण दिले, तेव्हा कोठे विकसित जमिनीचा साडेबारा टक्के परतावा पदरात पडला. ज्या भूमिपुत्राच्या शेतावर शहर उभे राहते, त्याच्या रक्ताची किंमत देऊन शहाणपण यावे, हे स्वराज्यातील नियोजनाला शोभणारे नव्हते.

परदेशातील एका प्रयोगाचा येथे उल्लेख करणे उपयुक्त ठरेल, तो अनुकरणासाठी नव्हे तर सावधगिरीसाठी. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २००८ मध्ये एक कायदा केला. मोटारींतून होणारे हरितगृह वायूंचे उत्सर्जन दरडोई किती घटवायचे, याची उद्दिष्टे प्रत्येक महानगर प्रदेशाला ठरवून द्यायची आणि प्रदेशाने आपली वाहतूक योजना व जमीनवापराचा आराखडा त्या उद्दिष्टाशी जोडायचा, अशी ती रचना होती. कल्पना निर्दोष होती. दहा वर्षांनी, २०१८ मध्ये, त्या राज्याच्याच हवा-नियंत्रण मंडळाने अहवाल दिला की उद्दिष्टे गाठली जाण्याची चिन्हे नाहीत आणि दरडोई मोटारप्रवास उलट वाढतो आहे. याचे एक मोठे कारण म्हणजे बांधकामाची परवानगी देण्याचा अधिकार स्थानिक नगरपालिकांकडेच राहिला होता. उद्दिष्ट एकाच्या माथी आणि शिक्का दुसऱ्याच्या हाती! त्यातच शहरातील घरे महागली आणि सामान्य माणूस दूर ढकलला गेला. ही कहाणी वाचताना नावे तेवढी परकी वाटतात, बाकी सारे ओळखीचे आहे.

महाराष्ट्रात कायद्यांची उणीव नाही. प्रादेशिक योजना आणि नगररचनेचा कायदा १९६६चा आहे. ७४व्या घटनादुरुस्तीने महानगर नियोजन समितीची तरतूद केली. २००६च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने रस्ते वाहनांसाठी नसून माणसांसाठी आहेत, असे स्पष्ट म्हटले आणि मोठ्या शहरांसाठी एकात्मिक वाहतूक प्राधिकरण सुचवले. मुंबईसाठी असे प्राधिकरण २००८ मध्ये शासन निर्णयाने अस्तित्वात आलेही. कायद्याचे पाठबळ नसल्याने त्याच्या बैठकांना सल्ल्यापलीकडे वजन आले नाही. केंद्रातील मोदी सरकारने २०१७ मध्ये मेट्रो धोरण आणि वाहतूककेंद्री विकासाचे धोरण आणले, २०२१ मध्ये ग्लासगो येथे पंतप्रधानांनी पंचामृत संकल्प मांडून २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे वचन दिले, २०२३ मध्ये शहरांसाठी दहा हजार विजेच्या बसगाड्यांची योजना जाहीर केली. दिल्लीतील दिशा स्पष्ट आहे. ती गल्लीपर्यंत उतरत नाही, ही खरी अडचण. मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेने हवामान कृती आराखडा प्रसिद्ध केला. शहराच्या उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा सुमारे एक पंचमांश असल्याचे त्यात नमूद आहे. त्याच मुंबईत २०१०च्या सुमारास साडेचार हजारांच्या घरात असलेला बेस्टचा ताफा पुढे तीन हजारांच्या खाली आला आणि किनारी रस्त्यावर हजारो कोटी रुपये खर्च झाले. किनारी रस्ता झाला याचे दुःख नाही. ज्या तिजोरीतून तो झाला, त्याच तिजोरीकडे बसगाडीसाठी पैसा नाही असे सांगितले जाते, तेव्हा अग्रक्रमाविषयी शंका येणे स्वाभाविक आहे. सरकार कोणाचेही असो, ही शंका विचारलीच पाहिजे. आपल्या विचारांचे असेल तर अधिक आग्रहाने.

एप्रिल १९६५ मध्ये पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी मुंबईत एकात्म मानववादावर चार व्याख्याने दिली. निसर्गाला जेवढे सहज भरून काढता येईल, तेवढेच त्याच्याकडून घ्यावे, हा विचार त्यांत होता. अर्थव्यवस्थेने माणसाचा विचार सुटा ग्राहक म्हणून न करता कुटुंब, समाज आणि सृष्टी यांच्याशी जोडलेला घटक म्हणून करावा, हा त्यांचा आग्रह. या कसोटीवर आजचे महानगर तपासले, तर चित्र विदारक दिसते. सकाळी सातला घर सोडून रात्री नऊला परतणाऱ्या आईबापांना कुटुंब प्रबोधनाचे महत्त्व पटवून द्यायचे तरी केव्हा? संघाच्या शताब्दीनिमित्त पंच परिवर्तनाचा जो विषय घरोघरी नेला जात आहे, त्यात कुटुंब आणि पर्यावरण हे दोन स्वतंत्र मुद्दे आहेत. महानगरात मात्र ते एकाच गाठीत बांधलेले आहेत. जे अंतर धूर ओकते, तेच अंतर मुलांच्या वाट्याची संध्याकाळ खाते. उपनगरांतील सायंशाखांवरील उपस्थिती पाहणाऱ्या कार्यकर्त्याला हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

तिसऱ्या मुंबईचा नकाशा अद्याप बराचसा कोरा आहे, हीच तिची सर्वांत मोठी संपत्ती. तेथे चार गोष्टी आजच ठरू शकतात. भूखंडांचा लिलाव होण्यापूर्वी रेल्वे आणि बसमार्गांची जागा राखून त्यांचे काम सुरू व्हावे. स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरात वाढीव चटईक्षेत्र द्यायचे असेल, तर त्यातला ठरावीक हिस्सा मध्यम आणि अल्प उत्पन्न गटांच्या घरांसाठी बंधनकारक असावा. नाहीतर स्थानकालगतच्या मनोऱ्यात दोन मोटारींचे मालक राहतील आणि गाडीने जाणारा माणूस पुन्हा दहा किलोमीटर आत ढकलला जाईल. जमिनीच्या वाढीव मोलातून येणारा पैसा सार्वजनिक वाहतुकीच्या स्वतंत्र निधीत पडावा आणि त्याचा हिशेब दरवर्षी जाहीर व्हावा. आणि ज्या अधिकाऱ्याच्या सहीने अभिन्यास मंजूर होतो, त्याच्याच यंत्रणेवर तेथील वाहतुकीची आणि उत्सर्जनाच्या उद्दिष्टाची जबाबदारी असावी. शेतकऱ्याचा प्रश्न यांच्याही आधीचा आहे. पुण्याजवळ हडपसरच्या मगरपट्ट्यातील शेतकरी कुटुंबांनी सुमारे चारशे एकर जमीन एकत्र करून स्वतःच कंपनी स्थापन केली, घरे आणि कचेऱ्या शेजारी-शेजारी वसवल्या आणि मालकी आपल्याकडे ठेवली. पेण-उरणच्या आगरी-कोळी बांधवांसाठी असा मार्ग खुला का नसावा, याचे उत्तर प्राधिकरणाने द्यायला हवे. मिठागरे, खाजणे आणि भातशेते बुजवून काढलेला रस्ता कितीही देखणा असला, तरी पावसाळ्यात त्याची किंमत खालच्या गावांनाच मोजावी लागते.

नगररचनेच्या कायद्यानुसार प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती आणि सूचनांसाठी मुदत मिळते. ही मुदत बहुधा वृत्तपत्रातील एका बारीक टायपाच्या जाहिरातीत उगवते आणि मावळते. नकाशे कचेरीच्या भिंतीवर लावलेले असतात. ते पाहायला जमीनमालक जातात, विकासक जातात, दलाल जातात. ज्याला उद्या त्या नकाशावरून रोज ये-जा करायची आहे, तो सामान्य गृहस्थ तेवढा जात नाही. पनवेल, उरण आणि पेण या तीनही तालुक्यांत स्वयंसेवकांचे जाळे आहे. वृक्षारोपणाला आणि प्लास्टिकमुक्तीला शेकड्यांनी जमणारे हे हात त्या भिंतीवरच्या नकाशापर्यंत पोहोचले, प्रत्येक गावातून निदान एक अभ्यासू हरकत लेखी दाखल झाली आणि सुनावणीला ती मांडणारा माणूस हजर राहिला, तर प्राधिकरणाला उत्तर द्यावे लागेल. कारण दाखल झालेल्या हरकतीची नोंद घेणे कायद्यानेच बंधनकारक केले आहे.